आयतं दही

"नासकं दूध गळ्यात मारलंत आमच्या!" दवाखान्याच्या व्हरांड्यात, दहा माणसांच्या देखत, मी माझ्या विहिणीला असं म्हणाले.

अनुसयाबाई बाकावर बसल्या होत्या. मांडीवर नातीसाठी शिवून आणलेली दुपटी होती. त्यांची घडी मोडायची, पुन्हा घालायची, एवढंच त्यांचं चाललं होतं. त्यांनी मान वर केली नाही. चोरी पकडल्यावर माणूस असाच गप्प होतो, असं मला वाटलं आणि मी आणखी चढले.

या गोष्टीला आता अकरा वर्षं झाली. विट्याच्या बाजारपेठेत माझं दह्याचं दुकान आहे. मालन निकमचं दही म्हटलं की पलीकडच्या तालुक्यातली माणसं येतात. चौथीत शाळा सुटली. अक्षराला अक्षर लावत वाचते, सहीपुरतं लिहिते. पण तारखा मला झरझर वाचता येतात. कोणत्या मडक्याला कधी विरजण लावलं त्याची चिठ्ठी प्रत्येक मडक्यावर असते आणि ती वाचता आली नाही तर गिऱ्हाईक आंबट तोंड करून माघारी जातं.

त्या दिवशी एकवीस तारीख होती. पहाटे पाच वाजून वीस मिनिटांनी माझी सून तेजस्विनी बाळंत झाली. मुलगी. दिवस भरायला अजून दहा दिवस होते, पण पोर ठणठणीत होती, रडली ती सगळा मजला उठवून. मी घरी जाऊन तुपातला शिरा करून आणला. आठ वाजता डॉक्टरीणबाईंनी आम्हाला आत बोलावलं. मला, माझ्या जयवंतला आणि तेजूच्या आईला.

या शेंडगे डॉक्टर माझ्याच गिऱ्हाईक. दर सोमवारी अर्धा किलो. त्यांनी आधी आम्हाला खुर्च्यांवर बसवलं.

"बाळ छान आहे. तेजस्विनी पण छान आहे. पण दाखल करताना तिचं रक्त तपासलं, त्यात पांढरी कावीळ निघाली. हिपॅटायटिस बी."

"डोळे तर कुठं पिवळे दिसत नाहीत तिचे," मी म्हणाले.

"दिसणार नाहीत, काकू. ही अंगात वर्षानुवर्षं गुपचूप बसते. माणूस हिंडतंय, फिरतंय, जेवतंय. पण बाळंत होताना आईचं रक्त बाळाला लागतं आणि ती बाळाकडे जाते. इतक्या लहानपणी लागली तर बहुतेक जन्मभर सोडत नाही. पुढं लिव्हर खाते."

माझ्या मांडीवर शिऱ्याचा डबा होता. मी त्याचं झाकण घट्ट दाबलं. ते डॉक्टरांच्या नजरेतून सुटलं नाही.

"ताटवाटीतून नाही लागत ही. शिरा खुशाल द्या तिला. रक्तातून लागते, नवराबायकोत लागते आणि आईकडून पोराला."

"मग बाळाला औषध द्या की."

"लस दिली जन्मल्या जन्मल्या. पण नुसत्या लसीवर भागणार नाही. आणखी एक इंजेक्शन लागतं, इम्युनोग्लोबुलिन म्हणतात. जन्मल्यापासून बारा तासांच्या आत गेलेलं बरं. म्हणजे आज संध्याकाळी पाच वीसपर्यंत."

"लस दिली म्हणताय आणि वर आणखी एक? एवढ्याशा जिवाला किती टोचाल?"

डॉक्टर रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "लस बाळाच्या अंगाला शिकवते, की असा असा शत्रू आहे, तयार हो. मग अंग स्वतःच त्याच्यावरचं औषध बनवतं आणि ते बरीच वर्षं पुरतं. पण शिकायला वेळ लागतो, काही आठवडे. आणि शत्रू तर आज पहाटेच घरात शिरला असेल. हे दुसरं इंजेक्शन म्हणजे ज्यांच्या रक्तात ते औषध आधीच तयार आहे, अशा माणसांच्या रक्तातून काढलेलं. गेलं की त्याच क्षणी कामाला लागतं. पण ते बाळाचं स्वतःचं नव्हे. काही महिन्यांत विरून जातं."

"म्हणजे विरजण आणि आयतं दही."

"काय म्हणालात?"

"विरजण लावलं की दही आपल्या घरचं. त्यातनंच उद्याचं, त्यातनंच परवाचं. पण धरेपर्यंत थांबावं लागतं. आणि पाहुणा पाटावर येऊन बसलाच असेल तर शेजारणीकडनं वाटीभर आयतं आणायचं. ती वाटी संपली की संपलं. म्हणून दोन्ही करायचं. आयतं वाढायचं आणि तोवर आपलं धरू द्यायचं."

"काकू, हे मी आता सगळ्यांना असंच सांगणार," डॉक्टर म्हणाल्या. खोटं कशाला बोलू, तेवढ्या घोरातही मला बरं वाटलं.

"आमच्याकडं ते ठेवलेलं नसतं. सांगलीत चौकशी करावी लागेल. मिळेलच असं—"

"शंभर युनिटचं ना?" इतका वेळ गप्प असलेला जयवंत उठला. "मी आणतो. बर्फाचा डबा घेऊन जातो."

डॉक्टरांनी शंभरचा आकडा काढलेलाच नव्हता. बर्फाचंही त्या काही बोलल्या नव्हत्या. मी दोन्ही ऐकलं आणि माझी छाती फुगली. म्हटलं, बघा, माझा पोरगा. बोलण्यात वेळ घालवत नाही.

तो दाराबाहेर पडला तशा डॉक्टर फाईल चाळत म्हणाल्या, "पाचव्या महिन्यात हीच तपासणी करायला सांगितली होती. बाकीचे सगळे कागद आहेत, तो एकच रिपोर्ट नाही."

"जावईबापूंनी आणला होता," अनुसयाबाई हळू म्हणाल्या. "सगळं नॉर्मल आहे म्हणाले होते."

एवढं निमित्त मला पुरलं. बाहेर येईतो मी दम धरला आणि व्हरांड्यात सोडून दिलं सगळं.

"माझ्या पोरावर ढकलताय? तुमच्या पोरीच्या रक्तात घाण निघाली आणि रिपोर्ट माझ्या पोरानं खाल्ला?"

"माझी पोर निर्मळ आहे, विहीणबाई."

"निर्मळ! मग आली कुठनं ही? आमच्या घरात कुणाला साधी सर्दी होत नाही. तुम्हाला लग्नाआधीच ठाऊक असणार. अंगणवाडीत गावाच्या पोरांना डोस पाजत फिरता आणि स्वतःच्या पोरीचं दडवून ठेवता?"

खाली जिन्यावर जयवंतच्या चपला वाजत होत्या. मधे त्या एकदा थांबल्या. मग पुन्हा वाजायला लागल्या. मला तेव्हा त्याचं काही वाटलं नाही.

डॉक्टर बाहेर आल्या. "काकू, हळू. बाकीचे पेशंट आहेत. आणि भांडून काय कळणार? तशीही घरातल्या सगळ्यांची तपासणी करायचीच आहे. बोटातलं थेंबभर रक्त, पंधरा मिनिटं."

"करा की!" मी हात पुढं केला. "माझ्यापासून सुरू करा. यांचीही करा. इथंच, सगळ्यांसमोर. होऊन जाऊ दे."

डॉक्टर आत चला म्हणत होत्या. मी हटले नाही. शेवटी तपासणीवाली मुलगी ट्रे घेऊन व्हरांड्यातच आली. पांढरी प्लॅस्टिकची दोन कार्डं बाकावर आमच्या दोघींच्या मधे ठेवली. एक रेघ आली तर माणूस साफ, दोन आल्या तर रोग आहे, असं तिनं सांगितलं.

ती पंधरा मिनिटं मी तोंड मिटलं नाही. लग्नात यांनी मानपानात काय कमी केलं, तेही काढलं. अनुसयाबाईंच्या कार्डावर एक रेघ आली आणि तिथंच थांबली. माझ्याही कार्डावर एक आली. मी म्हणणारच होते, बघा. तेवढ्यात तिच्या शेजारी काहीतरी दिसायला लागलं. आधी सावलीसारखं. मग गुलाबी. दही धरताना कडेकडेनं धरत जावं तशी ती दुसरी रेघ धरत गेली.

डॉक्टरांनी पटकन कार्ड उचललं. "काकू, आत या जरा."

आत गेल्यावर त्यांनी दार लोटलं. मी म्हणाले, "तुमचं कार्ड खराब आहे."

त्यांनी दुसरं कार्ड काढलं, दुसऱ्या बोटाला टोचलं. आम्ही दोघी त्या कार्डाकडं बघत बसलो. दोन रेघा.

"तुमचे यजमान कशानं गेले?"

"पोटात पाणी झालं. लिव्हर."

"प्यायचे?"

"मी कधी पाहिलं नाही. पण लिव्हर गेलं म्हटल्यावर दुसरं काय असणार? मरेपर्यंत विचारत होते मी त्यांना, बाटली कुठं लपवता म्हणून."

भिंतीवर बाळांच्या चित्रांचं कॅलेंडर होतं, त्याची पानं पंख्यानं हलत होती.

मग त्या समजावून सांगायला लागल्या. जयवंतच्या वेळी त्याला ही माझ्याकडूनच गेली असणार. तेव्हा तपासणी नव्हती, इंजेक्शन कुणाला माहीत नव्हतं, माझा काही दोष नाही. आता जयवंतचं रक्त बघावं लागेल. त्याच्यात निघाली तर तेजूला कुठून आली ते उघडच आहे. "तुमचा रिपोर्ट मी कुणाला सांगणार नाही, तो तुमचा आहे. पण तेजस्विनीला कळायला हवं."

पुढचे तीन तास मी व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकाला एकटी बसून काढले. घोर एकच होता. पोरगं इंजेक्शनापायी सांगलीला ऊर फुटेस्तोवर पळतंय आणि आल्यावर त्याला सांगायचं तरी कसं, की बाबा, तुझ्या आईनंच हे तुला दिलं. मी मनात वाक्यं जुळवत होते. लहानपणी ताप आल्यावर त्याला जसं जवळ घेत होते तसं घेऊन सांगीन, असं ठरवत होते.

साडेबाराला तो आला. शर्ट घामानं अंगाला चिकटलेला, छातीशी हिरवा बर्फाचा डबा. डॉक्टरांनी इवलीशी बाटली काढून उजेडात धरली, लेबल वाचलं आणि आत गेल्या. एक वाजायच्या आत माझ्या नातीच्या दुसऱ्या मांडीत ते इंजेक्शन गेलं. ती कळवळून रडली आणि मला एकदम हलकं वाटलं. आताच सांगून टाकते, पोर वाचली. पुढच्या लसी एकही न चुकवता झाल्या, नऊ महिन्यांची झाल्यावर तपासलं तेव्हा कार्डावर एकच रेघ होती.

डॉक्टरांनी रिकामं खोकं आणि त्याला गुंडाळलेलं बिल माझ्या हातात दिलं होतं. सवयच हातांना. कागद आला की मी आधी तारीख बघते.

तेरा.

मी पुन्हा बघितली. खिडकीपाशी जाऊन बघितली. तेरा तारीख, वर जयवंतचं नाव. मूल आज, एकवीसला, जन्मलं होतं.

जयवंत जिन्याखालच्या नळावर तोंड धूत होता. मी जाऊन उभी राहिले.

"जयवंत, आज तारीख काय?"

"एकवीस." मग त्यानं माझ्या हातातला कागद बघितला. नळ तसाच वाहत राहिला.

"मूल आज झालं. त्याचं इंजेक्शन आठ दिवसांपूर्वी कसं घेतलंस?"

"आई—"

"नळ बंद कर आणि बोल."

त्यानं नळ बंद केला. "बिल करून सांगलीच्या दुकानदाराच्याच फ्रीजमध्ये ठेवलं होतं. वेळेला डॉक्टरांना एकट्यात सांगणार होतो. दहा दिवस आधी होईल असं कुणाला वाटलं होतं?"

"कधीपासून माहीत आहे तुला?"

"मंडळाच्या रक्तदानात कळलं. ब्लड बँकेतनं फोन आला होता."

दुकानात गल्ल्याच्या वर त्याचं रक्तदानाचं प्रशस्तिपत्र फ्रेम करून लावलं होतं. येणाऱ्या-जाणाऱ्याला मी ते दाखवायची. दुसरं का नाही आलं, विचारलं तर म्हणाला होता, चक्कर येते आई हल्ली.

"लग्नाच्या किती आधी?"

तो शर्टाच्या बाहीनं तोंड पुसत राहिला.

"किती आधी, जयवंत?"

"सात महिने."

"तेव्हा कुणी काही सांगितलं नाही?"

"सांगितलं होतं. होणाऱ्या बायकोला लस द्या म्हणाले. तीन इंजेक्शनं. सहा महिन्यांत पुरी होतात."

सात महिने हातात होते आणि लागत होते सहा. दूध होतं, मडकं होतं, विरजण होतं, धरायला वेळही होता. यानं फक्त हात लावला नाही. आणि आज एवढ्याशा पोरीसाठी आयत्या वाटीपायी धावत सुटला होता.

"पाचव्या महिन्यातला रिपोर्ट?"

"फाडला."

"तिला सांगितलं नाहीस?"

"लग्न मोडलं असतं, आई. आणि नंतर... नंतर कसं सांगायचं? तुझंच नाव गेलं असतं पेठेत."

"सकाळी मी तिच्या आईला बोलायला सुरुवात केली तेव्हा तू जिन्यात होतास. ऐकलंस?"

"ऐकलं."

"थांबला होतास."

"हो."

"आणि मग उतरून गेलास."

तो वाकून चपलेचा पट्टा सारखा करायला लागला. तेव्हा मी त्याला सांगितलं. तीन तास जुळवलेलं एकही वाक्य आठवलं नाही. नुसतं म्हणाले, "माझ्याही दोन रेघा आल्या. तुला माझ्याकडनंच आली."

त्यानं मान वर केली. मी त्याच्या तोंडाकडं बघत होते. वाटलं होतं रडेल, नाहीतर माझ्यावर चिडेल. त्याच्या चेहऱ्यावर आलं ते वेगळंच होतं. डोक्यावरचा भारा कुणीतरी अर्धा उचलून घ्यावा, तसा तो सैल झाला.

"मग तर झालंच की," तो खालच्या आवाजात म्हणाला. "आपण दोघांनी गप्प बसायचं. त्यांच्याकडनंच आलं असं सकाळीच झालंय, तसंच राहू दे. लहानपणी कुठल्या सुईतनं आलं असेल म्हणू. डॉक्टरांना मी समजावतो. तुझं नाव कुठं निघणार नाही, आई."

तुझं नाव. माझ्याच नावाचं पांघरूण करून चार वर्षं त्यात दडला होता आणि आता मलाही आत ये म्हणत होता.

मी हात उगारला नाही. लोकांना वाटतं मालन निकमनं कानफटात दिली असेल. मी नळापाशी ठेवलेला त्याचा बर्फाचा डबा त्याच्या हातात दिला, बिल कनवटीला लावलं, जिना चढले आणि बाकावर राहिलेला शिऱ्याचा डबा उचलला.

खोलीत तेजू उशीला टेकून बसली होती, कुशीत पोर. अनुसयाबाई पायांशी. मला बघून दोघीही सावरून बसल्या. त्या सावरून बसण्यानं मला सकाळपासूनचं माझं बोलणं ऐकू आलं.

माफ करा, हा शब्द मी जन्मात कुणाला म्हणाले नव्हते. तोंडात बसेना. मी म्हणाले, "विहीणबाई, सकाळी मी जे बोलले ते सगळं माझ्या घरचं होतं. भलत्याच पदरात टाकलं मी. तुमच्या पोरीला हा रोग माझ्या घरात आल्यावर लागला. माझ्या कार्डावर दोन रेघा आल्यात."

अनुसयाबाई दुपट्याची घडी नीट करत म्हणाल्या, "मला दिसल्या होत्या."

"कधी?"

"डॉक्टरबाईंनी उचलायच्या आधी. मी शेजारीच होते की."

"मग तीन तास गप्प का बसलात? सगळ्यांच्या समोर मला तोंडावर सांगायचं होतं!"

"माझी पोर आत होती, विहीणबाई. तिला तुमच्याच घरात नांदायचंय."

शिऱ्याचा डबा मी कॉटवर ठेवला आणि झाकण काढलं.

तेजू इतका वेळ माझ्याकडं एकटक बघत होती. तिचा आवाज बाळंतपणानं बसला होता. "आत्या, तुम्हाला कधी कळलं?"

"आज सकाळी. नऊ-साडेनऊला."

"आणि यांना?"

दाराबाहेर जयवंत येऊन उभा राहिला होता. पडद्याखालून त्याच्या चपला दिसत होत्या. तो ऐकत होता आणि मी काय म्हणते याची वाट बघत होता. एकुलता एक. साडेतीन किलोचा जन्मला होता, मीच त्याला दूध पाजलं, मीच रोग दिला.

मी कनवटीचं बिल काढलं आणि मोठ्यानं, अक्षराला अक्षर लावत, त्याच्या नावासकट तारीख वाचली. मग सात महिन्यांचं सांगितलं. मग फाडलेल्या रिपोर्टाचं. माझ्या बाजूनं एक शब्द घातला नाही, त्याच्या बाजूनंही नाही.

तेजू रडली नाही. तिनं पोरीचं टोपडं सारखं केलं, तिला आणखी आत ओढून घेतलं आणि पडद्याखालच्या चपलांकडं बघत म्हणाली, "आत्या, दार लावून घ्या."

मी उठले. दाराला हात घातला आणि थांबले. "मी आत राहू, का बाहेर जाऊ?"

तिनं पाय जरासे आखडून घेतले. कॉटवर माझ्यापुरती जागा झाली.

मी आतून कडी घातली.